यंत्रागणिक ताळा



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवलं. त्यांच्या वर्गात उत्तर आलं म्हणून वही मिटायची मुभा नव्हती. आधी ताळा करायचा. नव्याचा ताळा तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. ४७ गुणिले ३८, उत्तर १७८६. चार आणि सात अकरा, एक आणि एक दोन. तीन आणि आठ अकरा, पुन्हा दोन. दोन दुणे चार. आता उत्तराचे अंक घ्या : एक, सात, आठ, सहा, बेरीज बावीस, दोन आणि दोन चार. जुळलं.

एकदा गडबडीत मी १७६८ लिहिलं. अंकांची अदलाबदल झाली होती, पण बेरीज तीच, बावीस. ताळा जुळला, म्हणून मी निर्धास्तपणे वही दिली आणि ती लाल फुली घेऊन परत आली. मी म्हणालो, "सर, ताळा तर जुळतोय." मास्तर म्हणाले, "ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. ताळा जुळला तर उत्तर बरोबर असू शकेल. दोन्हींत फरक आहे." मग त्यांनी तो गुणाकार उलटा करून, ३८ गुणिले ४७, पुन्हा करायला लावला.

पुढं पुण्यात जाऊन मी जो व्यवसाय केला, तो सगळा याच एका फरकावर उभा आहे. मी कम्पायलर तपासतो. म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हातातलं जे अवजार असतं, त्याचा ताळा पाहतो. हा विषय सार्वजनिक व्याख्यानाचा नाही असं मला काहींनी सुचवलं. मला ते पटलं नाही. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात, गाडीत, घरातल्या मीटरमध्ये, उसाच्या वजनकाट्यात आणि दुधाच्या फॅट मशीनमध्ये कुठल्या तरी कम्पायलरनं केलेलं भाषांतर चालू आहे. ते भाषांतर खरं आहे की नाही, हा सगळ्यांचाच प्रश्न आहे.

आधी कम्पायलर म्हणजे काय ते सांगतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो सी, जावा, फोरट्रान अशा भाषेत. यंत्रातल्या चिपला यातलं काही कळत नाही. तिला कळतात तिच्या तिच्या हुकमांचे आकडे आणि प्रत्येक जातीच्या चिपचे हुकूम वेगळे. मधलं भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कम्पायलर. १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी ए-झिरो नावाचा असा पहिला प्रयत्न केला, १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं फोरट्रानचा कम्पायलर लोकांच्या हाती दिला, आणि तेव्हापासून एकच प्रोग्राम अनेक यंत्रांवर चालवता येईल ही आशा माणसाला लागली.

ही आशा आणि तिच्यातली मेख, दोन्ही मला कॉलेजात कळल्या नाहीत. त्या कळल्या होत्या त्याच्या आधी, इथल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत. आमचे दादा पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत ओतकाम करायचं तर आधी लाकडाचा पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात रस ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न ड्रॉइंगपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा ते धातूवर अवलंबून. बिडाला फुटामागं एक अष्टमांश इंच, पोलादाला जवळपास पाव इंच, ॲल्युमिनिअमचं त्याच्या मधलं. दादांकडे यासाठी वेगवेगळ्या पट्ट्या होत्या. दिसायला साध्या फूटपट्ट्या, पण त्यांच्यावरचा इंच हा खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. कुणी ड्रॉइंग आणून टेबलावर पसरलं की ते आकारमानाकडे बघायच्या आधी विचारायचे, "माल कशाचा?" ड्रॉइंग एकच असलं तरी माल बदलला की पॅटर्न बदलतो, आणि चुकीची पट्टी हातात आली तर त्या पॅटर्नवरून निघालेला प्रत्येक नग भंगारात.

कम्पायलरचं नेमकं हेच आहे. एखाद्या प्रोग्राममध्ये चूक असली तर तो एक प्रोग्राम बिघडतो. कम्पायलरमध्ये चूक असली तर त्यातून निघालेला प्रत्येक प्रोग्राम बिघडू शकतो, आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या प्रोग्रामात ती चूक कधीच सापडत नाही, कारण ती तिथं नसतेच. म्हणून कम्पायलर तपासताना "हा बरोबर आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "कुठल्या मालावर बरोबर आहे?" हे विचारावं लागतं.

आता एक प्रसंग सांगतो. यात कम्पायलरची चूक नव्हती, तरीही मी तोच निवडला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या उद्योगासाठी बल्क कूलरचा कंट्रोलर केला होता. गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, ते स्टीलच्या टाकीत ओततात आणि टँकर येईपर्यंत ४ अंशांच्या आसपास थंड ठेवतात. कंट्रोलरचं काम सोपं : तापमान ६ च्या वर गेलं की कम्प्रेसर चालू, ३ च्या खाली आलं की बंद. जुन्या बोर्डावर एव्हीआर जातीची चिप होती आणि हा प्रोग्राम तिच्यावर बिनबोभाट चालला होता. ती चिप मिळेना म्हणून एआरएम जातीच्या चिपचा नवा बोर्ड घेतला. प्रोग्राम सी भाषेतला, कम्पायलर दोन्हीकडे जीसीसी. एक अक्षरही बदललं नाही. ऑफिसात आठ दिवस चालवून पाहिला आणि बसवला.

पंधरवड्यात पहाटे फोन आला, "साहेब, दूध गोठलंय. मशीन बंदच हुईना."

मी गेलो तेव्हा टाकीच्या तळाला बर्फाचा थर होता आणि कम्प्रेसर धडधडत होता. संध्याकाळी दूध थोडंच आलं होतं. केंद्रावरच्या त्या माणसानं मला शिवी दिली नाही, हे मी विसरलेलो नाही. तो एवढंच म्हणाला, "आता हे परत कुणाला द्यायचं?"

आम्ही तापमानाचा प्रोब बदलला, रिले बदलला, वायरिंग तपासलं. मग कम्पायलरवर संशय घेतला आणि त्यात बरेच दिवस गेले. अखेरीस मी दोन्ही बोर्ड टेबलावर शेजारी मांडले. एका स्टीलच्या पेल्यात बर्फ घेतला, त्यात मूठभर मीठ घातलं, जसं पॉट आइस्क्रीमला घालतात. मिठानं बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं. दोन्ही प्रोब त्या पेल्यात बुडवले आणि पडद्यावर आकडे बघत बसलो. जुन्या बोर्डावर आलं : तीन, दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन. नव्या बोर्डावर आलं : तीन, दोन, एक, शून्य, दोनशे पंचावन्न, दोनशे चोपन्न.

प्रोग्राममध्ये तापमान ठेवण्यासाठी सी भाषेतला कॅर हा सर्वांत लहान प्रकार वापरला होता. आठ बिटांचा, म्हणजे २५६ वेगवेगळ्या किमती मावणारा. या २५६ किमती उणे १२८ ते १२७ अशा वाचायच्या, की ० ते २५५ अशा? सीच्या १९८९ च्या मानकानं हा निर्णय त्या त्या कम्पायलरवर सोडला आहे. जीसीसी एव्हीआरवर पहिली रीत धरतो, एआरएमवर दुसरी. त्या रात्री थोड्या दुधात कम्प्रेसर बंद झाल्यावरही टाकीच्या तळाशी असलेल्या प्लेटमध्ये उरलेल्या थंडीनं प्रोब शून्याखाली गेला. उणे एक अंशाचे झाले दोनशे पंचावन्न. कंट्रोलरला वाटलं दूध उकळतंय, आणि त्यानं प्रामाणिकपणे कम्प्रेसर चालू केला. तो बंद होण्याची सोयच उरली नाही, कारण जितकं थंड व्हावं तितका आकडा अडीचशेच्या घरातच राहणार.

दुरुस्ती एका शब्दाची होती. कॅरच्या आधी साइन्ड लिहायचं. पण मला बोचली ती दुसरी गोष्ट. आमच्या चाचण्यांच्या यादीत चाळीस तापमानं होती, ० पासून ६० पर्यंत. शून्याखालचं एकही नव्हतं. जुन्या यंत्रावर तशी गरज पडली नव्हती. चाळीसच्या चाळीस चाचण्या पास झाल्या होत्या. मास्तरांच्या भाषेत, ताळा जुळला होता.

म्हणून कम्पायलरचं प्रमाणीकरण या कामाचा अर्धा भाग कम्पायलरनं दिलेली वचनं तपासण्याचा आहे आणि अर्धा भाग भाषेनं काय वचन दिलेलंच नाही हे ओळखण्याचा. दुसरा अर्धा भाग जास्त अवघड आहे. वचन न दिलेली गोष्टही एखाद्या यंत्रावर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालते आणि आपण तिला वचन समजून बसतो.

संख्येचे भाग कुठल्या क्रमानं मांडायचे, हीही अशीच वचन न दिलेली गोष्ट, आणि तिचं एक उदाहरण आपल्या मराठीतच आहे. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना आधी दोन लिहितो, मग पाच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीनं 'वीस पाच' असं वाचन दिलं आणि केवढा गदारोळ झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगलाताई नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्यानं लहान मुलं अडखळतात, ५२ आणि २५ यांत गोंधळतात. मी कुठल्या बाजूचा हे आज सांगत नाही. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती, आणि यंत्रांची तीच अडचण आहे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना काही चिप आधी मोठा भाग ठेवतात, काही आधी लहान. इंटेलच्या चिप लहान भाग आधी ठेवतात. हिताचीची एच-एट मोठा भाग आधी ठेवते. त्यांचीच एसएच जात दोन्ही रीतींनी चालू शकते. एका यंत्रानं लिहिलेली फाइल दुसऱ्यानं उलट्या क्रमानं वाचली की पंचवीसचे बावन्न होतात, आणि चूक झाल्याचं कुठंही उमटत नाही. म्हणून एसएचसाठी कम्पायलर तपासायचा तर तो दोन्ही रीतींनी, संपूर्ण, दोनदा तपासावा लागतो.

कम्पायलर असे तपासून घ्यावे लागतात हे सरकारांनाही लवकर कळलं. ग्रेस हॉपर १९६७ मध्ये अमेरिकी नौदलात परत कामावर आल्या. तेव्हा कोबोल भाषेचे कम्पायलर वेगवेगळ्या कंपन्यांचे, प्रत्येकाची कोबोल थोडी निराळी. त्यांच्या गटानं कोबोलचे कम्पायलर तपासणारे प्रोग्राम तयार केले. आम्ही कोबोल देतो असं म्हणणाऱ्या विक्रेत्यानं त्या चाचण्यांतून जाऊन दाखवायचं. पुढं एडा भाषेच्या वेळी अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं याहून कडक शिस्त लावली. तिचं मानक १८१५ या क्रमांकाचं, भाषेला जिचं नाव दिलं त्या एडा लव्हलेसच्या जन्मवर्षावरून. एप्रिल १९८३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एडा-एड या अंमलबजावणीला पहिलं प्रमाणपत्र मिळालं. ती अतिशय मंद होती, रोजच्या कामाला निरुपयोगीच म्हणावी इतकी. पण अर्थ बरोबर लावत होती, आणि प्रमाणपत्र अर्थाचं होतं, वेगाचं नव्हतं.

त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे प्रमाणपत्र कम्पायलरच्या नावाला मिळत नसे. कम्पायलर ज्या यंत्रावर चालतो ते आणि ज्या यंत्रासाठी भाषांतर करतो ते, अशा जोडीला मिळे, आणि त्याला मुदत असे. मुदत संपली की नव्या चाचण्यांतून पुन्हा जायचं. दुसरी गोष्ट चाचण्यांमधला एक पूर्ण वर्ग. त्यातले प्रोग्राम मुद्दाम चुकीचे लिहिलेले होते आणि कम्पायलरनं ते नाकारले तरच तो पास. चांगल्याला चांगलं म्हणणं सोपं असतं. वाइटाला नाही म्हणता येतं का, हेही परीक्षेत होतं.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे कम्पायलरचं काम झालंच नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कम्पायलरवर मूलगामी संशोधन केलं, आणि १९८३ मध्ये कम्पायलर रचनेवरचं त्यांचं पुस्तक आलं. या सभागृहातल्या किती तरी इंजिनिअरांनी सिस्टिम्स प्रोग्रामिंग त्यांच्याच पुस्तकातून वाचलं असेल. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकरांनी जीसीसीच्या अभ्यासाचं केंद्र चालवलं आणि देशभरच्या शिक्षकांना बोलावून जीसीसीचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो ॲनालिसिसवरचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि पुण्याच्या केपीआयटी या कंपनीनं या शतकाच्या पहिल्या दशकात एक काम केलं, ते आपल्याकडे जवळपास कुणाला ठाऊक नाही. हिताचीच्या, म्हणजे पुढच्या रेनेसासच्या, एच-एट आणि एसएच चिपसाठी जीसीसीवर आधारलेली साधनं त्यांनी विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर तयार करून जगाला मोफत दिली. म्हणजे बघा, चालण्याच्या कार्यप्रणाली दोन, भाषांतर ज्यांच्यासाठी करायचं त्या चिप अनेक जातींच्या, आणि प्रत्येक जोडीचा ताळा वेगळा.

हा ताळा प्रत्यक्षात कसा होतो ते जवळून सांगतो, कारण याची कल्पना बाहेर कुणाला नसते. जीसीसीबरोबर हजारो छोटे प्रोग्राम येतात. त्यांतल्या एका गटाचं नावच टॉर्चर, म्हणजे छळ. प्रत्येक प्रोग्राम काही तरी हिशोब करतो आणि स्वतःच उत्तर तपासतो. उत्तर चुकलं तर तो स्वतःला तिथल्या तिथं मारून घेतो, बरोबर आलं तर शून्य सांगून गप्प बसतो. भाषांतर वेगानं चालावं म्हणून कम्पायलर ज्या सुधारणा करतो, त्यांच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर हेच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवतात, आधी काहीच सुधारणा न करता, मग थोड्या, मग सगळ्या. मोठ्या सुधारणांत चुका लपतात, म्हणून हा खटाटोप. छोट्या चिपसाठी भाषांतर करून बोर्डावर किंवा तिची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर पाठवायचं आणि वाट बघायची. आज साध्या सी भाषेपुरती ही फेरी केली तरी निकालांच्या ओळी लाखाच्या वर जातात. पास, पास, पास अशी रांग पडद्यावरून सरकत असते आणि मध्येच एक फेल.

खरं काम त्या फेलपासून सुरू होतं. चूक चार ठिकाणी असू शकते : कम्पायलरमध्ये, बोर्डात, सिम्युलेटरमध्ये किंवा खुद्द चाचणीत. एच-एटचं उदाहरण घेऊ. तिथं सी भाषेतला साधा इंट हा पूर्णांकाचा प्रकार सोळा बिटांचा धरतात, त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. चाचणी लिहिणाऱ्यानं आपल्या मोठ्या यंत्रावर ३०,००० आणि १०,००० यांची बेरीज लिहून ठेवली असेल, तर एच-एटवर ती कोसळणारच. सहसा उणे २५,५३६ निघेल, पण तेवढंही वचन भाषेनं दिलेलं नाही. इथं कम्पायलर निर्दोष आहे, चाचणी सदोष आहे. मग त्या चाचणीवर खूण करावी लागते की ही फक्त बत्तीस बिटांच्या इंटवाल्या यंत्रांसाठी. इचलकरंजीतल्या मागावर फेऱ्या मोजणारा काउंटर कुणी असा लिहिला आणि लहान चिपवर चढवला, तर ३२,७६७ व्या फेरीनंतर काय होईल याचा विचार करा. हे वर्गीकरण माणसालाच करावं लागतं. ते कंटाळवाणं आहे, त्यात कौतुक नाही, पण त्याच्यावाचून लाखभर पासला काही अर्थ नाही.

केपीआयटीनं नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर-सिक्स्टीन या चिपसाठीचा भागही जीसीसीला दिला. २०१२ च्या सुमाराच्या त्या फाइलींच्या माथ्यावर पुण्याच्या या कंपनीचं नाव आहे. पुढं त्या भागाची देखभाल थांबली आणि काही वर्षांनी तो जीसीसीतून काढून टाकण्यात आला. यात कुणी वाईट वागलं असं नाही. ज्या यंत्रावरचे चाचण्यांचे निकाल कुणी पाठवत नाही आणि चुका कुणी दुरुस्त करत नाही, त्याचा आधार जीसीसी काढून घेतं. तो नियम योग्यच आहे. न तपासलेला कम्पायलर ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. पण एवढ्या खपून केलेलं काम निव्वळ राखण न झाल्यामुळं पुसलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

यंत्र मोठं असेल तर जीसीसीत एक फार देखणा ताळा करता येतो. जुन्या कम्पायलरनं नवा कम्पायलर तयार करायचा. त्या नव्यानं स्वतःचाच मजकूर पुन्हा भाषांतरित करायचा, आणि त्यातून निघालेल्यानं आणखी एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचं फलित बाइटगणिक तंतोतंत जुळलं पाहिजे. मास्तरांनी ३८ गुणिले ४७ करायला लावलं होतं, तसंच हे. छोट्या चिपवर मात्र हे जमत नाही, कारण तिच्यात कम्पायलर मावतच नाही.

या सगळ्यानंतरही किती उरतं? २०११ मध्ये यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सी-स्मिथ नावाचा प्रोग्राम मांडला. तो यदृच्छेनं, पण भाषेच्या नियमांत बसतील असे सी प्रोग्राम रचतो. तोच प्रोग्राम अनेक कम्पायलरना द्यायचा आणि उत्तरं ताडून पाहायची. उत्तरं वेगळी आली म्हणजे कुणीतरी चुकलं, हे बरोबर उत्तर माहीत नसतानाही कळतं. तीन वर्षांत त्यांनी सव्वातीनशेच्या वर चुका कळवल्या. त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कम्पायलरमध्ये काही ना काही निघालं. फ्रान्समध्ये झेव्हियर लरॉय यांच्या गटानं कॉम्पसर्ट नावाचा कम्पायलर गणिती सिद्धतेसह बांधला होता. त्याच्या सिद्ध केलेल्या भागात सी-स्मिथला चुकीचं भाषांतर सापडलं नाही. सिद्ध न केलेल्या कडांना मात्र सापडलं. मला हा निकाल अतिशय आशादायक वाटतो. ताळ्याच्या पलीकडची, सिद्धतेची वाट आहे आणि ती चालता येते. पण ती मोजक्या कम्पायलरसाठी आणि मोजक्या चिपसाठी. बाकी सगळ्या जगाला अजून ताळ्यावरच भागवायचं आहे.

आणि चिप तर वाढतच आहेत. रिस्क-फाइव्ह ही कुणाच्या मालकीची नसलेली रचना आता देशोदेशी वापरतात. आपल्याकडे आयआयटी मद्रासची शक्ती, सी-डॅकची वेगा हे प्रोसेसर तिच्यावर उभे आहेत, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारनं यासाठी वेगळा कार्यक्रम जाहीर केला. उद्या इथल्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात तयार होणाऱ्या पॅनेलमध्ये देशी चिप असेल, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या आनंदात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रिस्क-फाइव्हवरही साधा कॅर ० ते २५५ असाच वाचतात. जुना प्रोग्राम तसाच तिच्यावर चढवला, तर पुन्हा एखाद्या गावात दूध गोठेल.

कारखानदार मित्रांना माझी एक विनंती आहे. तुमच्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो. कुठल्या दिवशी, कुठल्या रसातून ते ओतलं हे दहा वर्षांनीही सांगता येतं. पॅनेलमधल्या प्रोग्रामची अशी नोंद मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. कुठला कम्पायलर, कितवी आवृत्ती, कुठली चिप, सुधारणांची कुठली पायरी, हे चार शब्द पॅनेलच्या कागदांत लिहून ठेवा. चिप बदलली की सगळ्या चाचण्या पुन्हा करा, प्रोग्रामचं एक अक्षर बदललं नसलं तरी करा. आणि चाचण्या पुरवठादारावर सोडू नका. तुमच्या यंत्रात काय काय होऊ शकतं ते तुमच्या फिटरला पुण्याच्या इंजिनिअरपेक्षा जास्त ठाऊक असतं. संध्याकाळी दूध थोडं आलं की प्लेट लगेच शून्याखाली जाते, हे केंद्रावरच्या माणसाला माहीत होतं. आम्ही त्याला विचारलं नव्हतं.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापकांना दुसरी विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी त्याच त्या हजेरीच्या आणि ग्रंथालयाच्या प्रणाली होतात. त्यांच्याऐवजी दोन मुलांच्या गटाला काही शे रुपयांचा एक बोर्ड द्या, त्यावर जीसीसी किंवा एलएलव्हीएम या कम्पायलरच्या चाचण्या चालवायला सांगा आणि येणाऱ्या प्रत्येक फेलचं कारण लिहून काढायला लावा. एका सत्रात एक खरी चूक सापडून ती कळवली गेली, तरी त्या मुलांना सी भाषा आयुष्यभर पुरेल इतकी कळलेली असेल. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक संगणक, एक बोर्ड, वायर, आणि शेजारी बसून "हे फेल का झालं?" असं विचारणारा एक मास्तर लागतो.

बल्क कूलरचे ते दोन्ही बोर्ड मी आज बरोबर आणले आहेत. चाचण्यांची यादीही आणली आहे, ती आता उणे २० पासून सुरू होते. बर्फ आणि मिठाची सोय आयोजकांनी केली आहे. व्याख्यानानंतर मी इथं मंचाशेजारच्या टेबलावर थांबणार आहे. ज्या विद्यार्थ्यांना शून्यानंतर दोनशे पंचावन्न येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे, त्यांनी यावं, आणि यादीत जी चाचणी अजून राहिली असं वाटेल ती तिच्याखाली लिहावी.